प्रचालकपद मागणाऱ्या सदस्याला अभिप्राय द्यावा तरी कसा?

तळटीप:
इंग्रजी विकिपीडियावर काही वर्षे नेटाने संपादन करणाऱ्या एका सदस्याने, प्रचालकपदासाठी अर्ज करण्यापूर्वी आपल्या कामाबद्दल स्पष्ट मत द्यावे, अशी विनंती जुन्या सदस्यांना केली आहे. बहुतेकांनी ‘उत्तम काम, शुभेच्छा’ एवढ्यावर त्याची बोळवण केली. प्रचालकाच्या हाती मुख्यतः पाने वगळणे, पाने सुरक्षित करणे आणि सदस्यांना प्रतिबंधित करणे ही साधने येतात. तेव्हा अभिप्रायही याच कामांच्या अंगाने द्यावा, एकूण संपादनांचा आकडा पाहून देऊ नये, असे माझे मत आहे. उत्पात (पानांची मुद्दाम केलेली नासधूस) उलटवण्याचे त्याचे काम वाखाणण्यासारखे आहे, आणि तसे मी लिहिलेही. मात्र त्याखालीच हेही नोंदवले की, एका नवागताने लेखाचा पहिला परिच्छेद जतन केल्यावर पाचच मिनिटांत या सदस्याने पान वगळण्याचा साचा (तयार सूचनापाटी) लावला, ‘अजून संदर्भ जोडत आहे’ या नवागताच्या संदेशाला उत्तर म्हणून आणखी एक तयार साचा चिकटवला, आणि दोन दिवसांनी तोच लेख दुसऱ्या कुणीतरी तीन चांगले संदर्भ देऊन उभा केला. प्रत्येक बदलाचा दुवा सोबत दिला आहे. त्यावरून मला कठोर ठरवले जात आहे. आपले मत काय?

अनुक्रमणिका:
मी असहमत आहे. शेकडो पाने तपासणाऱ्याच्या हातून काही निर्णय चुकणारच. ज्याने कधी काही हाती घेतलेच नाही, त्याचाच इतिहास निष्कलंक असतो. प्रचालक होणे ही काही फार मोठी बाब नसावी, असे विकिपीडियाचे सहसंस्थापक जिमी वेल्स यांनी २००३ मध्येच म्हटले होते, आणि आज त्याच पदासाठी सात दिवस जाहीर उलटतपासणी चालते. परिणाम समोर आहे: २००७ मध्ये चारशेहून अधिक प्रचालक नेमले गेले, तर २०२१ मध्ये ही संख्या दहाच्याही आत राहिली. तुम्ही दुव्यांसह तयार केलेली यादी उद्या विरोधकांच्या आयतीच कामी येईल. हे सारे ई-मेलने कळवता आले नसते का? फुकट राबणाऱ्या माणसाचे दोष चव्हाट्यावर मांडण्यात मला औचित्य दिसत नाही.

तळटीप:
संपादनांचा इतिहास मुळातच सर्वांना खुला आहे, त्यामुळे मी गप्प राहिलो तरी तो दुवा चर्चेच्या पहिल्या दोन दिवसांतच कुणीतरी शोधून काढील, आणि तेव्हा उमेदवाराला सवय बदलायला वेळ उरलेला नसेल. या चर्चेत मिळणारा पाठिंबा पंचाहत्तर टक्क्यांच्या वर गेला तर सहसा पद मिळते, पासष्टच्या खाली गेला तर मिळत नाही, आणि मधल्या पट्ट्यात निर्णय प्रशासकांच्या (प्रचालक नेमण्याचा अधिकार असलेल्या सदस्यांच्या) विवेकावर असतो. या पट्ट्यात अडकलेल्यांचे भवितव्य अशा एखाद-दुसऱ्या उदाहरणावरही फिरू शकते. ई-मेलने पाठवलेल्या टीकेला दुसरा कुणी ‘हे खरे नाही’ असे उत्तर देऊ शकत नाही. उघड टीकेवर ते शक्य असते, आणि त्यात उमेदवाराचेच संरक्षण आहे. शिवाय चुकून वगळलेले पान दुसरा प्रचालक एका कळीसरशी परत आणू शकतो; साचे पाहून निघून गेलेल्या नवागताला परत आणण्याचे साधन कुणाकडेच नाही.

धूळपाटी:
दोघांचेही म्हणणे मला अर्धवट वाटते. आधीच अभिप्राय दिला की उमेदवार परीक्षेची तयारी करतो: पुढचे काही महिने प्रत्येक बदलाला सविस्तर सारांश, प्रत्येक नवागताला गोड स्वागत, आणि पद मिळताच मूळ पदावर. म्हणून मी पाहतो ते वेगळेच. याचे स्वतःचे संपादन कुणी उलटवले तेव्हा याने काय केले? चर्चापानावर गेला, की तोच बदल पुन्हा पुन्हा करत बसला? वाद तापल्यावर भाषा किती घसरली? मागितलेल्या अभिप्रायात हे कुणी लिहीतच नाही, कारण त्यासाठी जुन्या चर्चांची पानेच्या पाने वाचावी लागतात; संपादनांची संख्या मात्र एका नजरेत दिसते. (या सदस्याच्या दोन जुन्या वादांत मला तरी आक्षेपार्ह काही आढळले नाही, आणि माझ्या लेखी त्याचे वजन त्या एका साच्यापेक्षा जास्त आहे.)

अनुक्रमणिका:
वादांबद्दलचा मुद्दा मान्य आहे, जाहीर पंचनाम्याचा नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये गुप्त मतदानाने प्रचालक निवडण्याचा प्रयोग झाला आणि एकाच फेरीत अकरा जण निवडून आले. माणसे पदाला नव्हे, त्या उलटतपासणीला घाबरत होती, याहून अधिक पुरावा कोणता हवा?

तळटीप:
त्याच फेरीत निवडून न आलेल्यांची संख्या अकराहून जास्त होती, हेही सांगायला हवे. गुप्त मतदानात विरोध करणाऱ्याला कारण लिहावे लागत नाही, त्यामुळे हरलेल्याला आकडे कळतात, पण नेमके काय सुधारायचे ते आकड्यांवरून उमगत नाही. मतदान गुप्त होणार असेल, तर आधीच्या उघड अभिप्रायाची गरज उलट वाढते. मी माझी नोंद तशीच ठेवत आहे. धूळपाटी यांनी पाहिलेल्या त्या दोन वादांचे दुवेही तिच्याखाली जोडावेत, म्हणजे उमेदवाराला दोन्ही बाजू एकाच ठिकाणी वाचता येतील.

धूळपाटी:
आज रात्री जोडतो. अर्ज कधी करायचा, हे मात्र त्यालाच ठरवू द्या.