मॉड्यूलवर ४० टक्के, सेलवर २५: मग कारखाने फक्त जोडणीचेच का?

प्रश्न:
१ एप्रिल २०२२ पासून सौर मॉड्यूलवर (म्हणजे तयार पॅनेलवर) ४० आणि त्यातल्या वीज बनवणाऱ्या सेलवर २५ टक्के आयात शुल्क लागलं. रोख अर्थातच चीनवर होता. तरी देशात आधी भराभर वाढले ते मॉड्यूल जोडणारे; सेलवाले मागे राहिले आणि वेफर (ज्यापासून सेल बनतो ती सिलिकॉनची पातळ चकती) चीनमधूनच येत राहिले. असं का? यापेक्षा बाजार खुला ठेवून स्वस्त माल घेणं बरं नव्हतं का?

प्रतिसाद १:
नुसता दर बघू नका, मूल्यवर्धनावर, म्हणजे घेतलेल्या मालाच्या भावावर कारखाना जी भर घालतो तिच्यावर, किती संरक्षण पडतं ते काढा. हिशेबापुरतं धरा: जागतिक भाव मॉड्यूल १००, त्यातला सेल ६०, सेलमधला वेफर २०. काच, फ्रेम वगैरे सोडून देऊ. जोडणाऱ्याचा वाटा ४०, सेलवाल्याचाही ४०.

शुल्कानंतर मॉड्यूल १४० पर्यंत विकता येतं आणि आयात सेल ७५ ला पडतो. जोडणाऱ्याचा वाटा ६५ झाला, म्हणजे साडेबासष्ट टक्के संरक्षण. सेलवाल्याला वेफर बिनशुल्क मिळाला तरी ७५ वजा २०, म्हणजे ५५; संरक्षण साडेसदतीस टक्के. त्यात सेलच्या कारखान्याला भांडवल कितीतरी जास्त लागतं. पैसा जोडणीकडेच जाणार.

प्रतिसाद २:
मुदतही बघा. याआधीचं, ३० जुलै २०१८ चं सुरक्षा शुल्क (वाढत्या आयातीपासून देशी उद्योगाला तात्पुरतं संरक्षण देणारं) दोनच वर्षांचं होतं: वर्षभर २५ टक्के, मग सहा महिने २०, शेवटचे सहा महिने १५. सेलचा कारखाना स्थिर उत्पादनाला येईपर्यंत शुल्क उतरलेलं, आणि तोवर चिनी भावही घसरलेले. २०२० मध्ये एक वर्ष वाढवलं, तेही १५ टक्क्यांच्या आतच. एवढ्या भरवशावर कर्ज कोण देणार?

प्रतिसाद ३:
आसियान या आग्नेय आशियाई देशांच्या गटाशी असलेल्या व्यापार करारातून व्हिएतनाम, मलेशियाचा माल सवलतीत येतो, म्हणून शुल्काला वाट फुटते. ती मान्यताप्राप्त उत्पादकांच्या सरकारी यादीने बुजते; सरकारशी निगडित प्रकल्पांत यादीतल्यांचाच माल चालतो. पण शुल्कात देशी भावाला वरची मर्यादा असते (वरच्या हिशेबात १४०), यादीत ती नसते. यादीतल्या सेलचा पुरवठा कमी पडला की भाव ग्राहकाच्या माथी. सेलची यादी लागू करायला १ जून २०२६ ही तारीख दिली आहे. तोवर पुरेशी क्षमता खरोखर चालू झाली का, हे तपासायलाच हवं.

खुल्या बाजाराबद्दल: स्वस्त पॅनेलचा फायदा खरा आहे. पण वेफर जवळजवळ एकाच देशाच्या हातात असणं मला जास्त धोक्याचं वाटतं. म्हणून संरक्षण हवंच, मात्र सेल आणि वेफरला जास्त, जोडणीला कमी, आणि शुल्क उतरवण्याचं वेळापत्रक पहिल्याच दिवशी जाहीर केलेलं.