वाईट दिवसाआधीची सिद्धता : आत्मिक लढाईविषयी इंदूरकरांचे अनुभव

ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाच्या पहिल्या रविवारी बहुतेक चर्चमध्ये सैतानाने अरण्यात घेतलेल्या प्रभू येशूच्या परीक्षेचा उतारा वाचला जातो आणि त्यावर चांगली प्रवचनेही होतात. उपासना संपल्यावर मात्र आपले बोलणे मुलांच्या परीक्षांकडे आणि वाढत्या उन्हाकडे वळते. मोहाशी चालणारी ही आत्मिक लढाई आपापल्या घरी कशी चालू आहे, हे आपण एकमेकांना क्वचितच सांगतो. घरी मराठीत प्रार्थना करणाऱ्या आणि रविवारी बहुधा हिंदी उपासनेला बसणाऱ्या इंदुरातील आपल्या कुटुंबांसाठी म्हणून हा धागा उघडत आहे.

एक विनंती आहे. अंगात येणे, करणी, भूतबाधा यांच्या कथा येथे नकोत. त्या खऱ्या असोत वा खोट्या, त्या ऐकताना आपण नुसते प्रेक्षक होतो. नव्या करारातील इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात प्रेषित पौलाने जी शस्त्रसामग्री सांगितली आहे, तिच्यात सत्य, नीतिमत्त्व, शांतीची सुवार्ता, विश्वास, तारण आणि देवाचे वचन एवढ्याच गोष्टी आहेत, आणि लगेच पुढे प्रार्थनेत जागृत राहण्याची आज्ञा आहे. ही सामग्री वाईट दिवशी टिकाव धरता यावा म्हणून आधीच अंगावर असावी लागते. तेव्हा प्रश्न एवढाच आहे की तुमचा वाईट दिवस कोणता होता, आणि त्या दिवशी जे उपयोगी पडले ते त्यापूर्वी तुमच्याजवळ कसे आले होते? कोणत्याही व्यक्तीचे, कंपनीचे किंवा मंडळीचे नाव लिहू नये.

सुदामा नगरातील एक गृहस्थ, पीथमपूरच्या कारखान्यात तपासणी विभागात नोकरी

माझा वाईट दिवस महिनाअखेरीचा होता, कारण कारखान्यात बहुतेक मोह महिनाअखेरीसच येतात. ओतकामाच्या एका खेपेत हवेच्या पोकळ्या निघाल्या होत्या, गाडी दाराशी उभी होती, आणि तपासणीच्या कागदावर माझी सही झाल्याशिवाय माल बाहेर जाणार नव्हता. वरिष्ठांनी दटावले नाही. त्यांनी मला चहा दिला, माझ्या मुलीच्या प्रवेशाची चौकशी केली, आणि हे सगळीकडेच चालते, ग्राहक तरी प्रत्येक नग कुठे कापून पाहतो, असे अगदी सौम्यपणे सांगितले. सैतानाचे डावपेच असे पौल म्हणतो ते यासाठीच असावे, असे मला त्यानंतर वाटत आले आहे, कारण धमकी दिली असती तर मी सावध झालो असतो. आपुलकीपुढे सावध राहणे फार अवघड जाते.

मी सही केली नाही. यात माझे शौर्य काही नव्हते. आमचे वडील घरी असताना वसुलीला कोणी आला तर "बाबा घरी नाहीत" असे सांगण्याची आम्हा भावंडांना सक्त मनाई होती. पैसे नसले तरी ते स्वतः दाराशी जात आणि नाहीत म्हणून सांगत. लहानपणी मला त्याची लाज वाटे. परंतु त्या संध्याकाळी खोटे लिहायला हात उठला नाही, त्याचे मूळ त्या दाराशी होते, एवढे मी खात्रीने सांगू शकतो. पौलाच्या यादीत सत्याचा कमरपट्टा पहिला येतो. रोमी शिपायाची तलवार पट्ट्यालाच अडकवलेली असे, तेव्हा हा क्रम मला योग्यच वाटतो.

पुढे काय झाले, हेही लिहिले पाहिजे, कारण साक्षी पुष्कळदा बढतीपाशी येऊन संपतात. माझी बदली भांडारात झाली आणि त्या वर्षीची पगारवाढ मिळाली नाही. ती खेप दुसऱ्याच्या सहीने गेली की नाही, हे मला आजपर्यंत कळलेले नाही. घरी पत्नीने एकदाही बोल लावला नाही, हे मात्र खरे.

एका रुग्णालयातील परिचारिका, पलासिया

वरील भावांचे वाचून बरे वाटले. मला थोडे वेगळे आणि थोडे कडक लिहायचे आहे.

आमच्या वॉर्डात असे ख्रिस्ती कुटुंब अधूनमधून येते, ज्यात रुग्णाचे औषध कोणीतरी बंद करायला लावलेले असते. हा आत्मिक हल्ला आहे, गोळ्या घेणे म्हणजे अविश्वास, असे सांगितलेले असते. मिरगीच्या एका मुलाला त्यापायी पुन्हा झटके सुरू झाले आणि आईला वाटत होते की प्रार्थनेत आपणच कमी पडलो. शत्रूने कोठे घाव घातला असेल तर तो त्या आईवर घातला, असे माझे मत आहे.

जुन्या करारात १ राजे १९ मध्ये संदेष्टा एलीया रतामाच्या झुडपाखाली निजून मरण मागतो. कर्मेल डोंगरावर बालाच्या संदेष्ट्यांवर मिळवलेल्या एवढ्या विजयानंतर त्याची ही दशा झाली होती. देवाने त्याला त्या क्षणी उपदेश केला नाही. दूताने भाकर आणि पाणी दिले, पुन्हा निजू दिले, आणि दुसऱ्यांदा उठवून वाट लांबची आहे म्हणून पुन्हा खायला घातले. उदासीनतेच्या आजारात झोप, अन्न आणि वेळेवरचे औषध यांना मी म्हणूनच सिद्धतेचा भाग समजते. नातेवाइकांसाठी मी प्रार्थना अवश्य करते, आणि त्याच वेळी गोळीची वेळही सांगते.

निवृत्त शिक्षिका, रामबाग

आमचे घराणे मूळ अहमदनगरचे, ज्याला आता अहिल्यानगर म्हणतात. अहिल्याबाईंचे चौंडी हे जन्मगावही त्याच जिल्ह्यातले, त्यामुळे इंदूरला आल्यावर आम्हाला फार परके वाटले नाही, असे सासूबाई गमतीने म्हणत. त्यांच्या घरात एक शिस्त होती. रात्रीच्या जेवणापूर्वी कौटुंबिक प्रार्थना, आणि ताट वाढण्याआधी प्रत्येकाने एक वचन तोंडपाठ म्हणायचे. नवी सून म्हणून मला ते जाचक वाटे, आणि मुलांना तर भूक लागलेली असे.

यजमानांच्या शेवटच्या आजारात त्याचा अर्थ मला कळला. रात्री त्यांना भय वाटे. भय मरणाचे नव्हते. आपण देवापुढे काय घेऊन उभे राहणार, या विचाराचे होते, आणि तो विचार नेमका दोन-तीनच्या सुमारास येई. त्या वेळी पुस्तक उघडून नेमका उतारा शोधण्याचे त्राण दोघांतही नसे. ते एक ओळ सुरू करीत आणि मी पुरी करीत असे, कधी उलट होई. प्रभूने अरण्यात सैतानाला जी तीन उत्तरे दिली, ती तिन्ही जुन्या करारातील 'अनुवाद' या पुस्तकाच्या सहाव्या आणि आठव्या अध्यायांतली आहेत, आणि चाळीस दिवसांच्या उपासानंतर ती त्याने मुखोद्गत दिली. देवाचे वचन ही पौलाच्या यादीतली तलवार, आणि ती आधीच म्यानात असायला हवी. आजच्या मुलांच्या मोबाइलवर सगळे पवित्र शास्त्र असते, याचा मला आनंदच आहे. तरीही पाठांतर सोडू नये, असे मी माझ्या नातवंडांना सांगते आणि त्यांना ते अर्थातच आवडत नाही.

भंवरकुआं परिसरात स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा विद्यार्थी

आजींच्या लेखाला नमस्कार करून थोडा मतभेद मांडतो. आमच्या घरी वडिलांची पद्धत पहाटे उठून एक तास प्रार्थनेची आहे, आणि मी तशीच करावी असा त्यांचा आग्रह असतो. मी क्लास, वाचनालय आणि खोली यांत रात्री बारापर्यंत जागा असतो. गल्याथाशी लढण्यापूर्वी शौल राजाने आपले चिलखत दावीदाला घातले तेव्हा दावीदाने चालून पाहिले आणि सवय नाही म्हणून ते उतरवून ठेवले, असे १ शमुवेल १७ मध्ये आहे. त्याची गोफण त्याच्या हातची होती. मी खोलीपासून वाचनालयापर्यंत चालत जाताना स्तोत्र म्हणतो आणि फोन त्या वेळी पिशवीत ठेवतो. माझी परीक्षा रात्री खोलीत एकटा असताना होते, त्या फोनवरच होते, आणि एका मित्राला मी रोज रात्री झोपण्यापूर्वी एका शब्दात स्थिती कळवतो. आमचे तेवढेच ठरलेले आहे.

वसईचे, आता विजय नगरात राहणारे, कॅथोलिक

विद्यार्थ्याने मित्राविषयी लिहिले, त्याला आमच्या परंपरेतून पुष्टी देतो. १५२१ मध्ये पांप्लोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने पाय मोडलेला संत इग्नेशियस (जेझुइट संघाचा संस्थापक) पुढे आत्म्यांची पारख शिकवू लागला तेव्हा त्याने आपल्या आध्यात्मिक साधनेच्या पुस्तकात काही नियम लिहून ठेवले. त्यांतले तीन मी पाकिटात बाळगतो. मन कोरडे आणि निराश असताना आधी घेतलेला निर्णय बदलू नये. शत्रूला गुप्तता प्रिय असते, म्हणून मोह जाणत्या माणसापुढे उघड केला की त्याचे बळ सरते. आणि गडाला वेढा घालणारा सेनापती जशी सर्वात कच्ची बाजू हेरतो, तशीच आपली कच्ची बाजू हेरली जाते, म्हणून ती आपण आधी ओळखावी.

पहिल्या नियमाने माझा संसार वाचवला, एवढे सांगून थांबतो. पापनिवेदनाला जायला मला अजूनही संकोच वाटतो. पास्काच्या (ईस्टरच्या) जागरण विधीत आम्ही सगळे मेणबत्त्या हाती धरून सैतानाचा आणि त्याच्या कृत्यांचा त्याग पुन्हा उच्चारतो, तेव्हा तो उच्चार मोठ्याने आणि इतरांबरोबर करावा लागतो, याचे महत्त्व मला वयाबरोबर अधिक पटत गेले आहे.

गृहिणी, लोकमान्य नगर

माझा विषय घराच्या वाटणीचा आहे. सासऱ्यांच्या मागे घर कोणाचे, यावरून धाकटे दीर आणि आम्ही यांच्यात बोलणे बंद झाले. प्रार्थनासभेत मी आमच्यावर हल्ला चालू आहे म्हणून विनंती करीत असे, आणि सगळ्या बहिणी ज्या उत्साहाने प्रार्थना करीत, त्यावरून शत्रू म्हणजे माझी जाऊ, असे सर्वांनीच धरून चालल्याचे दिसे. पौल तर स्पष्ट म्हणतो की आपले झगडणे रक्तमांसाशी नाही. जाऊ रक्तमांसाचीच आहे.

इंदुरात राहून या वाक्याचा अर्थ कळला नाही असे म्हणण्याची सोय आपल्याला नाही. केरळातून आलेल्या कॅथोलिक संन्यासिनी सिस्टर रानी मारिया देवास जिल्ह्यात उदयनगरच्या बाजूला गरीब आदिवासींमध्ये काम करीत होत्या. सावकारीच्या विळख्यातून लोक सुटू लागले, ते ज्यांना खपले नाही त्यांनी २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरकडे येणाऱ्या बसमध्ये त्यांची हत्या घडवली. त्यांच्या सख्ख्या बहिणीने, ज्या स्वतःही संन्यासिनी आहेत, तुरुंगात जाऊन मारेकऱ्याला राखी बांधली. त्याच्या सुटकेसाठी त्या कुटुंबाने संमती दिली, आणि सुटल्यावर तो केरळात त्यांच्या आईची क्षमा मागायला गेला. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदुरातच सिस्टरना धन्यवादित (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित करण्यात आले. आम्ही प्रॉटेस्टंट, तरी त्या दिवसांत शहरभर त्यांचीच चर्चा होती आणि आमच्या घरीही झाली.

मी त्यावर पुष्कळ विचार केला. त्या बहिणीला राग आला नसेल, हे मला शक्य वाटत नाही. परंतु खरा वैरी कोण, हे तिने आधीच ठरवून ठेवलेले असले पाहिजे. नाहीतर तुरुंगाच्या दाराशी पोहोचल्यावर ते ठरवता येत नाही. इफिसकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात सूर्य मावळेपर्यंत राग ठेवू नका आणि सैतानाला वाव देऊ नका, ही दोन्ही वाक्ये लागोपाठ आली आहेत. मी वाटणीच्या बैठकीला जाण्यापूर्वी जावेचे आणि तिच्या मुलांचे नाव घेऊन प्रार्थना करू लागले, प्रथम अगदी कर्तव्य म्हणून. घराचा निकाल वकिलांकडून जो लागायचा तो लागेल आणि आमचा हक्क आम्ही सोडलेला नाही. मात्र पुतणीच्या साखरपुड्याला आम्ही गेलो, आणि जावेने मला आत बोलावून वांगी निवडायला बसवले.

लष्करातून निवृत्त सुभेदार, महू

सर्वांचे वाचले. तरुण मुलाने झोपेविषयी लिहिले आणि परिचारिकाताईंनीही, म्हणून माझ्या नोकरीतले सांगतो. सावध राहा, जागे राहा, असे पेत्राच्या पहिल्या पत्रात आहे, आणि ते वाचून भाविक माणसाला वाटते की आपल्याला कधीच झोपता येणार नाही. पलटणीत अशी जागरूकता कोणी मागत नाही. संतरी ठराविक वेळ उभा राहतो, दुसरा आला की त्याला स्थिती सांगून निजायला जातो, आणि निजणाऱ्याचे हत्यार साफ करून हाताशी ठेवलेले असते. एकटा माणूस सगळी रात्र राखू म्हणाला तर नायकच त्याला हटवतो, कारण पहाटेच्या सुमारास त्याचा डोळा हमखास लागतो. गेथशेमाने बागेत प्रभूनेही तिघांना सोबत नेले होते. ते झोपले, हा भाग वेगळा.

इस्राएलाची अमालेकाशी लढाई चालू असताना मोशेचे वर उचलून धरलेले हात जड झाले, तेव्हा अहरोन आणि हूर यांनी दोन बाजूंनी ते सूर्यास्तापर्यंत धरून ठेवले. आमच्या लहान गटात त्यावरून आम्ही पाळ्या लावल्या आहेत. कोण कोणत्या वेळी कोणासाठी प्रार्थना करणार, याची यादी वहीत असते, आणि ज्याच्यासाठी करायची त्याला ती वेळ कळवलेली असते. आजारी पडल्यास पाळी बदलून घ्यावी, न सांगता चुकवू नये, एवढाच नियम आहे.

पीथमपूरच्या भावांना विनंती की त्यांनी आपल्या महिनाअखेरीच्या पाळीची वेळ येथे किंवा मला खाजगीत कळवावी. आमच्या वहीत संध्याकाळी चार ते सहा ही वेळ अजून रिकामी आहे, ती मी आणि माझी पत्नी घेऊ.