जीझिपनंतर मूळ फाइल गायब, आकारही चुकीचा

कोथरूडच्या ऑफिसातल्या सर्व्हरवर ६ जीबीची लॉग फाइल जीझिप (फाइल कॉम्प्रेस करणारा, म्हणजे दाबून लहान करणारा प्रोग्राम) वापरून दाबली तर मूळ फाइल गेली आणि मूळ आकार सांगणारा त्याचा 'मायनस एल' पर्याय २ जीबीच दाखवतो, असं तुम्ही वर लिहिलंय. घाबरू नका, डेटा शाबूत असणार.

काम संपलं की मूळ फाइल उडवायची, ही जीझिपची रीतच आहे. ठेवायची असेल तर 'मायनस के' द्या. झेडस्टँडर्ड हा तसाच दुसरा प्रोग्राम मात्र आपणहून काही पुसत नाही.

आकाराची गंमत अशी, की मूळ आकार नोंदवायला दाबलेल्या फाइलीच्या शेवटी फक्त ४ बाइट असतात. ४ जीबी झाले की आकडा पुन्हा शून्यापासून. सहातून चार गेले, उरले दोन. जीझिप १.१२ पासून 'मायनस एल' फाइल खरोखर उलगडून मोजतो. जुन्या जीझिपवर झेडकॅटचं (फाइल उलगडून दाखवणारी कमांड) आउटपुट पाइप करून 'डब्ल्यूसी मायनस सी'ला (बाइट मोजणारी कमांड) द्या. फाइल धड आहे का, ते जीझिपच्या 'मायनस टी'ने बघा. काहीच छापलं नाही म्हणजे ठीक.

या चर्चेत कुणीतरी सुचवलेला 'एक्सझेड मायनस ९' (एक्सझेड हा आणखी एक कॉम्प्रेस करणारा प्रोग्राम, ९ ही त्याची पातळी) तुमच्या १ जीबी रॅमवर नको. कॉम्प्रेस करताना तो एका थ्रेडलाच ६७४ एमबी खातो. डिफॉल्ट पातळी ६ ला ९४ एमबी पुरतात.