मदत हवी आहे: जुना कच्चा पु-अर फार कडू होतोय

रानजाई: ग्वांगझौला राहते. शेजारच्या आजींनी पु-अरची, म्हणजे मुरवलेल्या चिनी चहाची दाबलेली चकती दिली, कच्च्या प्रकारातली, म्हणजे शंग, 2004 ची. तीनदा केला, तिन्ही वेळा काढ्यासारखा कडू. शनिवारी त्याच आजी चहाला येणार आहेत, त्यांचीच भेट त्यांच्यासमोर बिघडायला नको. काय चुकतंय? लवकर सांगा.

डोंगरवाट: पानं किती, पाणी किती, वेळ किती? काहीच लिहिलं नाहीये.

रानजाई: नेहमीसारखाच. किटलीत दोन चमचे, पाच मिनिटं झाकून.

डोंगरवाट: पाच मिनिटं फार झाली. दाबलेल्या चहाचा चमच्याने अंदाज येत नाही, काट्यावर तोला. 100 मिलीच्या गायवानला, म्हणजे झाकणाच्या चिनी कपाला, 6 ग्रॅम. पहिलं उकळतं पाणी लगेच फेकून द्या, पानं सुटतात. मग दहा सेकंदांत गाळा, पुढे थोडा थोडा वेळ वाढवत न्या. तीच पानं आठ-दहा वेळा चालतात.

मिरीवेल: उकळतं नको! मी 85 अंशांवर करते, कडूपणा कमी उतरतो.

डोंगरवाट: नव्या शंगला ठीक आहे. वीस वर्षं मुरलेलं पान कोमट पाण्यात खुलत नाही. वेळ कमी करा, उष्णता कमी करू नका.

खलबत्ता: आलं ठेचून घाला, वर दूध. कडूपणा राहणारच नाही.

सातपाटी: शोउ, म्हणजे पक्का प्रकार, घ्यायला हवा होता. 1970 च्या दशकात कुनमिंगला ढीग ओला करून मुरवायची पद्धत बसवली ती याचसाठी, वर्षानुवर्षं थांबायला नको.

मिरीवेल: अहो, चकती भेट मिळालीये त्यांना.

डोंगरवाट: रानजाई, इतकी वर्षं ती होती कुठे? कुनमिंगच्या कोरड्या हवेत चहा सावकाश मुरतो, कडवटपणा टिकतो. ग्वांगझौच्या दमटात लवकर मऊ होतो.

रानजाई: आजींच्या मुलाकडे, कुनमिंगलाच. आता माझ्या मसाल्याच्या कपाटात आहे.

मिरीवेल: आधी तिथून काढा! चहा वास ओढून घेतो.

सातपाटी: वेष्टनावर 7542 आहे का? 75 म्हणजे मिश्रण ठरलं ते 1975 साल, 4 पानाची प्रत, 2 म्हणजे मंगहायचा कारखाना.

रानजाई: आकडा नाही. चकती काढली कपाटातून. आत्ता 6 ग्रॅम तोलून केला. पहिले दोन कडूच, पण कडूपणा जिभेवर थांबला नाही, मागून घशात गोडवा आला. पाचव्याला कापरासारखा वास! पण सुरीने फोडताना फार चुरा होतोय.

डोंगरवाट: चुऱ्यातून कडू भराभर उतरतं. चहाची सुई मिळते, ती कडेने आडवी घाला आणि हलकेच उचला, थर सुटतात. शनिवारची पानं आजच काढून ठेवा.