मदत हवी आहे : ३५व्या आठवड्यातच वार 'ग्रेड ३'

माझ्या धाकट्या बहिणीला गरोदरपणाचा ३५वा आठवडा सुरू असून परवाच्या सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये वार (प्लासेंटा) 'ग्रेड ३' असल्याचे लिहिले आहे. ग्रॅनम आणि सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये मांडलेल्या ० ते ३ या प्रतवारीत वारेत साठणारे कॅल्शियम व तिच्यावरील खाचा पाहून परिपक्वता ठरवतात आणि ३ हा टप्पा सहसा दिवस भरत आल्यावर दिसतो, एवढे मी वाचले आहे. बाळाचे वजन, गर्भजल आणि डॉपलर (रक्तप्रवाहाची तपासणी) व्यवस्थित आहे. रक्तदाब मात्र गेल्या दोन भेटींत थोडा वाढलेला आढळला. डॉक्टरांनी आठवड्याने पुन्हा बोलावले आहे.

'वार पिकली' हे ऐकून आईने तिला कॅल्शियमच्या गोळ्याच बंद करायला सांगितले, जे मला मुळीच पटले नाही, म्हणून त्या चालू ठेवल्या आहेत.

वाढ आणि रक्तप्रवाह ठीक असताना केवळ लवकर आलेल्या ग्रेडला डॉक्टर कितपत महत्त्व देतात? असा अनुभव आलेल्यांच्या तपासण्या किती दिवसांनी झाल्या, आणि पुढच्या भेटीत आम्ही नेमके काय विचारावे? समूहातील स्त्रीरोगतज्ज्ञांनीही कृपया लिहावे.