फायब्रोमायल्जिया आणि चिंता : विपश्यना, योगनिद्रा की आणखी काही? सल्ला हवा आहे

चाफेकळी :
नमस्कार. मी नाशिकला राहते. काही वर्षांपूर्वी मला फायब्रोमायल्जियाचे, म्हणजे अंगभर जुनाट दुखण्याच्या आजाराचे, निदान झाले. मानेपासून कमरेपर्यंत अंग सतत ठणकते, रात्रभर झोपूनही सकाळी अंग आंबल्यासारखे वाटते आणि अलीकडे तर कुकरची शिट्टी झाली तरी छातीत धडधडू लागते. थायरॉइड, बी-१२ आणि हिमोग्लोबिन तपासून झाले असून ते ठीक आहे. डुलॉक्सेटीन या औषधाने थोडा उतार आहे. डॉक्टरांनी "ताण कमी करा" असे सांगितले, परंतु तो कसा करावा हे विचारण्याआधीच पुढच्या रुग्णाचे नाव पुकारले गेले. सासूबाईंचा आग्रह आहे की इगतपुरीला दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराला जाऊन यावे, तर बहीण योगनिद्रा सुचवते. अशा दुखण्यात सुरुवात कशापासून करावी? "सकारात्मक विचार करा" हा सल्ला मात्र कृपया देऊ नये. तो मला पाठ आहे.

मारवा :
चाफेकळीताई, मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि जुनाट दुखण्याचे रुग्ण रोज पाहते. हे सगळे मनाचे खेळ आहेत असे कोणी म्हटले, तर ते मुळीच मानू नका. क्लिफर्ड वूल्फ यांनी १९८३ साली उंदरांवरील प्रयोगांतून दाखवून दिले की इजा झाल्यावर मेरुरज्जूतील चेतापेशीच अधिक उत्तेजित होतात आणि मग साधा स्पर्शही दुखू लागतो. फायब्रोमायल्जियात मज्जासंस्थेची संवेदनशीलता अशीच वाढलेली असते असे आज मानले जाते. आवाज, उजेड आणि वास सहन न होणे हाही त्याचाच भाग आहे. चिंता आणि अपुरी झोप यांनी ती आणखी चढते, म्हणूनच श्वास, हालचाल आणि शिथिलीकरण यांच्या वाटेने ती काहीशी उतरवता येते. मुळापासून बरे करण्याची हमी जो देईल, त्याच्या वाटेला जाऊ नये.

युरोपातील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ साली सुधारलेल्या शिफारशींत ठाम पाठिंबा मिळाला तो केवळ व्यायामाला. योग, ताई ची, सजगतेचे प्रशिक्षण, वर्तनोपचार आणि तुमचे डुलॉक्सेटीन या सर्वांना सौम्य पाठिंबा आहे. म्हणून माझ्या मते पहिले पाऊल म्हणजे चालणे, आणि तेही बरे वाटणाऱ्या दिवशी जेवढे जमते त्याच्या निम्मेच. बरे वाटले म्हणून घरभर जाळी काढायची, पडदे धुवायचे आणि मग अंथरूण धरायचे, हे चक्र आधी तुटायला हवे. मात्र थोड्याशा श्रमानंतर दुसऱ्या दिवशी पार गळून जायला होत असेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. तो दीर्घ थकव्याचा वेगळा आजार असू शकतो, आणि व्यायाम ठरावीक पायऱ्यांनी वाढवत नेण्याची पद्धत त्या आजारात वापरू नये असे ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०२१ साली स्पष्ट केले आहे.

जुना साधक :
मी इगतपुरीच्या धम्मगिरी केंद्रात शिबिरे केली आहेत आणि विपश्यनेबद्दल मला आदर आहे. तरीही आपण सुरुवात तेथून करू नये असे मला वाटते. पहाटे चारला उठणे, दिवसभरात सुमारे दहा तास बसणे, मौन, आणि चौथ्या दिवसानंतर अधिष्ठानात तासभर न हलता शरीरातील संवेदना पाहत राहणे, हे ठणकणाऱ्या आणि आधीच घाबरलेल्या शरीराला जड जाईल. खुर्ची मागितल्यास मिळते, पण मूळ अडचण खुर्चीने सुटत नाही. पुढे कधी जायचे ठरलेच, तर अर्जात आजार आणि औषधे यांची माहिती पूर्ण द्यावी, आणि शिबिरासाठी डुलॉक्सेटीन परस्पर बंद करू नये. ते अचानक थांबवल्यास चक्कर, मळमळ आणि अस्वस्थता येते.

चाफेकळी :
दोघांचेही आभार. सासूबाईंना हे वाचून दाखवीन. योगनिद्रेचे काय? मी एकदा ध्वनिफीत लावली होती, तेव्हा डोळे मिटताच धडधड वाढली.

ओवी :
हे अनेकांना होते. शांत होऊ लागताच चिंता वाढणे मानसोपचारात परिचित आहे. मी समुपदेशक आहे. मुंगेरच्या स्वामी सत्यानंद सरस्वती यांनी घडवलेल्या योगनिद्रेत आडवे पडून उजव्या हाताच्या अंगठ्यापासून एकेका अवयवावरून लक्ष फिरवत नेतात, त्यामुळे बसण्याचा त्रास नाही. आपण डोळे अर्धे उघडे ठेवा, गुडघ्यांखाली उशी घ्या, आणि दुखऱ्या भागावर लक्ष अडकू लागले तर ते पंख्याच्या आवाजाकडे वळवा. झोप लागली तर लागू द्या. तुम्हाला तिची गरजच आहे.

त्याआधी श्वास बसवावा. मिनिटाला साधारण सहा श्वास, आणि उच्छ्वास श्वासापेक्षा लांब. २००१ साली एका इटालियन संशोधक गटाने दाखवले की ख्रिस्ती जपमाळ (रोझरी) लॅटिनमध्ये म्हणताना आणि "ॐ मणि पद्मे हुम्" जपताना श्वास आपोआप याच गतीला येतो आणि हृदयाच्या लयीत अनुकूल बदल होतो. मोजत बसण्याचा कंटाळा येत असेल तर भ्रामरी करा, कारण गुंजारव करताना उच्छ्वास आपोआप लांबतो. भस्त्रिका आणि कपालभाती मात्र तूर्त नकोत. जलद श्वासाने चक्कर, मुंग्या आणि धडधड येते, आणि घाबरलेल्या माणसाला तो झटकाच वाटतो.

याबरोबर वर्तनोपचार किंवा विवेकनिष्ठ मानसोपचार जाणणारा समुपदेशक मिळाल्यास उत्तम. तोवर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर केव्हाही मोफत बोलता येते, मराठीतही.

चाफेकळी :
मनापासून आभार. सध्या चालणे आणि रात्री भ्रामरी एवढेच धरते; योगनिद्रा डोळे उघडे ठेवून पाहीन. नाशिकमध्ये जुनाट दुखण्याचे रुग्ण पाहणारी फिजिओथेरपिस्ट कोणास ठाऊक असल्यास कृपया निरोपातून कळवावे. गंगापूर रोडच्या बाजूला असल्यास फार बरे, कारण रिक्षाचे धक्के अजून सोसत नाहीत.