आउटबॅकमधला वारा, तंबू आणि पोरंबाळं: अनुभव लिहा

ऑस्ट्रेलियातल्या मराठी घरांत शाळेच्या सुट्ट्या जवळ आल्या की एकदा तरी उलुरूचा, म्हणजे देशाच्या मधोमध वाळवंटात उभ्या असलेल्या त्या अजस्र लाल खडकाचा, विषय निघतोच. उन्हाबद्दल सल्ले हवे तेवढे मिळतात: पाणी न्या, टोप्या न्या, दुपारचं फिरू नका. वाऱ्याबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही, आणि तंबूत राहायचं तर सगळा खेळ वाऱ्याचाच. मुलाबाळांना घेऊन त्या कोरड्या मुलखात राहून आलेल्यांनी इथे लिहा. फोटो नकोत, तपशील द्या. कुठे गेलात, काय खाल्लंत, रात्री झोप लागली का?

सुरुवात मीच करते.

आम्ही ॲडलेडचे. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुट्टीत उत्तरेकडच्या फ्लिंडर्स रेंजेस या डोंगररांगा हे आमचं ठरलेलं. क्वॉर्न सोडून हॉकरकडे निघालं की रस्त्याकडेला दगडी घरांच्या नुसत्या भिंती दिसायला लागतात. १८६५ मध्ये इथल्या सर्व्हेयर जनरलने, म्हणजे सरकारी जमीनमोजणीच्या प्रमुखाने, जॉर्ज गॉयडरने, एक रेघ आखून दिली होती: हिच्या उत्तरेला पिकाचा भरवसा धरू नका. पुढे काही वर्षं पाऊस बरा झाला, लोक रेघ ओलांडून गहू पेरायला गेले, मग दुष्काळ पडला आणि घरं तशीच टाकून परतले. नवऱ्याचं आजोळ माणदेशातलं, त्याला हे समजावून सांगावं लागलं नाही.

त्या भागात उत्तरेचा, म्हणजे वाळवंटावरून येणारा, गरम वारा सुटला की त्याच्यामागून नैऋत्येचा थंड वारा यायचाच, एवढं लक्षात ठेवा. विल्पीनाच्या बाजूला आम्ही तंबू ठोकत होतो तेव्हा शेजारच्या कॅरॅव्हॅनमधले आजोबा खुर्ची सोडून आले. म्हणाले, आता पाठीवर घेताय तो वारा रात्री दारातून येईल, दार पूर्वेला करा. सगळं उपसून पुन्हा मांडलं. पोरं वैतागली. संध्याकाळी वारा मिनिटभर अगदी पडला, आणि मग उलट बाजूने असा आला की पलीकडच्या तंबूचं छत थेट झुडपात. घामाने चिकटलेल्या पोरांना अर्ध्या तासात स्वेटर चढवले. मेतकूट-भात खाताना दाताखाली कचकच आलीच, धाकटीच्या भुवया विटकरी झाल्या होत्या, पण तंबू जागेवर होता.
(दशमी)

दार कुठे करायचं ते कळलं, पण मेखांचं काय? तंबूबरोबर ज्या तारेच्या मेखा येतात त्या कूबर पीडीकडच्या दगडगोट्यांच्या माळावर पहिल्याच घावाला वाकतात. आता आम्ही स्क्रूसारख्या मेखा ड्रिलला लावून जमिनीत फिरवतो. वाळूत लांब आणि रुंद पात्याच्या लागतात, तिथे स्क्रूचा उपयोग नाही. तणावे सगळेच्या सगळे बांधा, निम्मे नाही. त्यांना चमकणाऱ्या रंगाच्या चिंध्या बांधा, नाहीतर पोरं अंधारात तोंडावर पडतात. सावलीसाठी लावलेलं ऑनिंग झोपण्यापूर्वी गुंडाळून ठेवायचं, मग आकाश कितीही निवांत दिसू दे. आमच्याकडे यावरून रोज रात्री भांडण होतं आणि रोज रात्री ते गुंडाळलं जातं.
(मेखवाला, मेलबर्न)

आमच्याबरोबर सासूबाई होत्या. पक्क्या सोलापूरच्या. ४२ अंश म्हटल्यावर त्या हसल्याच. पोर्ट ऑगस्टा सोडल्यापासून साडीच्या ओच्यात कांदा, ऊन लागू नये म्हणून. ग्लेनडॅम्बोला पेट्रोल भरायला थांबलो, कारण तिथून पुढे कूबर पीडीपर्यंत जवळजवळ २५० किलोमीटर पंप नाही. खाली उतरल्या, वाऱ्याची झळ तोंडावर बसली आणि म्हणाल्या, "ऊन आपलंच आहे गं, पण हा मेला वारा कुठला?"

माश्यांसाठी आम्ही सगळ्यांनी डोक्यावरून जाळ्या घेतल्या होत्या. सासूबाईंनी पदर नाकावरून घेऊन टोक खोचलं, आणि खरं सांगते, सगळ्यांत कमी त्रास त्यांनाच झाला.

कूबर पीडीला १९१५ मध्ये ओपल नावाचं रत्न सापडलं, आणि उन्हापासून सुटका म्हणून माणसं जमिनीखाली घरं खोदून राहायला लागली. आजही राहतात. आत बारा महिने २३-२५ अंश. तिथे जमिनीखाली तंबू लावायची सोय असते हे मला आधी खोटंच वाटलं होतं. खडकात कोरलेल्या कोनाड्यात तंबू लावायचा, मेखा नाहीत, तणावे नाहीत, फडफड नाही. बाहेर वावटळी नाचत होत्या आणि आम्ही खाली दशम्या, शेंगदाण्याची चटणी खाऊन ढाराढूर. मुलांना घेऊन जात असाल तर दोन रात्री उघड्यावर आणि एक जमिनीखाली, असं ठरवून टाका.

रोड ट्रेनबद्दल एक सांगायचं राहिलं. त्या हायवेवर ५३.५ मीटर लांबीचे ट्रक असतात, तीन-तीन ट्रेलर लावलेले. समोरून असा ट्रक गेला की आधी हवेचा धक्का बसतो, मग गाडी आत ओढल्यासारखी होते. छपरावर सामान असेल तर स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरा.
(सोलापूरची सून)

नलारबोरचा, म्हणजे ॲडलेड-पर्थ वाटेवरच्या उजाड सपाट माळाचा, वारा वेगळाच. झाड नाही, टेकडी नाही, त्याला अडवणार कोण? आम्ही ॲडलेडहून पर्थला निघालो होतो, वारा समोरून. वेग कमी केला तरी पेट्रोलचा काटा उतरतच होता. बॅलाडोनिया आणि केगुना यांच्यामध्ये १४६.६ किलोमीटरचा सरळसोट रस्ता आहे, एक वळण नाही. गाडीच्या नाकाशी वारा गुणगुणत असताना ते किलोमीटर फार लांब होतात. गाण्याच्या भेंड्या संपल्या, पाढे सुरू झाले, थोरल्याने एकोणतिसाचा म्हणून दाखवला.

मराठी स्वयंपाकघराला खरा फटका मात्र राज्याच्या सीमेवर बसतो. वेस्टर्न ऑस्ट्रेलियात शिरताना ताजी फळं, भाज्या, मध सगळं टाकून द्यावं लागतं. मिरच्या, लिंबं, कोथिंबीर, कढीपत्ता, काहीही सुटत नाही. म्हणून आम्ही आदल्या संध्याकाळी सगळ्याची एकच मिसळभाजी केली. कढीपत्त्याची अख्खी जुडी एका फोडणीत! गॅसच्या ज्योतीला वारा लागू नये म्हणून तिन्ही बाजूंनी पाण्याचे कॅन लावले, तरी एक शिट्टी व्हायला युग लागलं. परतताना सेड्यूनाला अशीच तपासणी असते, तेव्हा पर्थहून भाज्या भरून निघू नका.
(पर्थकर)

शेगडीवरून आठवलं. टोटल फायर बॅन जाहीर झाला असेल तर उघड्यावर शेकोटी अजिबात नाही. गॅसच्या शेगडीचे नियम राज्याराज्यांत वेगळे, ते सकाळीच बघून घ्या. अशा दिवसासाठी आमच्याकडे सातूचं पीठ, गूळ, सुकी भेळ आणि दह्याऐवजी ताकाची पावडर. पाणी माणशी दिवसाला १० लिटर धरतो, शिवाय एक कॅन राखीव. गाडी बंद पडली तर गाडी सोडून चालत जायचं नाही, हे पोरांकडून पाठ करून घेतलंय. वरून शोधणाऱ्याला गाडी दिसते, माणूस दिसत नाही.
(ताकपिठ्या)

काटा जूटाला, म्हणजे उलुरूजवळच्या घुमटांसारख्या खडकांना, गेलात तर व्हॅली ऑफ द विंड्स ही तिथली पायवाट पहाटेच उरका. पारा ३६ वर जाण्याचा अंदाज असेल तर ११ वाजता पुढची वाट बंद करतात. आमचा मुलगा गेटवर रडला. उलुरूवर चढणं २६ ऑक्टोबर २०१९ पासून कायमचं बंद आहे. पायथ्याने प्रदक्षिणा घाला, तिथे निदान आडोसा मिळतो.
(डार्विनचे आम्ही चौघे)

प्रश्न: आम्हाला रजा जानेवारीतच मिळते. सहा वर्षांची मुलगी आहे. तंबूत जमेल का?
(नवखी)

@नवखी, नाही. जानेवारीत तस्मानियाला जा. ऊडनडाटाला २ जानेवारी १९६० रोजी ५०.७ अंश नोंदले गेले होते, हा त्याच भागातला जानेवारी. जून-जुलैत रजा मिळवा, वाराही बराच शहाणा असतो. फक्त गोधड्या न्या, पहाटे उलुरूला पारा शून्याच्या आसपास उतरतो. आणि स्क्रूच्या मेखा हव्या असतील तर कळवा, माझ्याकडे जास्तीच्या पडून आहेत.
(मेखवाला)